मागून बांधलेला घोडा

८ जानेवारी

चि. लेसियास,

ख्रिस्त जन्मला! आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की आई स्वयंपाकघरातून कान लावते, म्हणून हे पत्र.

डिसेंबरात जुना पिकअप वाटेत बंद पडला आणि आईचं डायलिसिस चुकलं. पुन्हा चुकलं तर तिला कायमची माझ्याकडे विनिपेगला घेऊन जाईन, असं तू बजावलंस. त्यात तुझी चूक नाही. पण हे घर आणि हे चर्च सुटलं तर आई किती उरेल, ते तुलाही ठाऊक आहे.

म्हणून शहरातल्या विक्रेत्याकडून एक गाडी थोडे दिवस वापरून बघायला आणलीय. अंगणातल्या खांबावरच चार्ज होते, वीज सरली की पेट्रोलवर जाते. शेजारचा मेत्रो म्हणाला, यात नवं ते काय, आपण जन्मभर हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांच्या नाकाला विजेची तारच लावत आलोय!

पण खरं सांगतो, मला आवडली. आई स्टुलाशिवाय चढते. तार लावलेली असतानाच आतून ऊबदार करून ठेवता येते. बर्फातही चारही चाकं रस्ता सोडत नाहीत. आवाजच नाही, म्हणून आई पहिल्या दिवशी म्हणत होती, अरे, सुरू तरी कर. तोवर आम्ही फाटकाबाहेर होतो.

मुलांना पापे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा ओरेस्ट

१२ जानेवारी

ती. ओरेस्टदादास,

त्याचा महिमा गाऊ! आईला आणि तुला नमस्कार.

दादा, तू गाडीचं वर्णन करतोयस की सोयरीक जुळवतोयस? एखादं व्यंगही कळव. कडाक्याच्या थंडीत ती काय करते? मागच्या बाकावर माझी मुलं मावतील का? आणि मुख्य म्हणजे, आई वेळेवर पोहोचते का? इथे तिची खोली रंगवून तयार आहे. रागावू नकोस. त्या दिवशी तिचे सुजलेले पाय मी पाहिलेत.

आईच्या हातचे बटाटा भरून उकडलेले वारेनिकी आठवतात. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी लेसिया

२० जानेवारी

चि. लेसियास,

अनेक आशीर्वाद.

व्यंग विचारलंस, तर ऐक. कडक थंडीत आत ऊब हवी म्हणून इंजिन लगेच घुरघुरायला लागतं, नुसत्या विजेवर भागत नाही. शेवटच्या बाकावर तुझ्या मुलांचे गुडघे हनुवटीला लागतील.

तिसरं व्यंग माझंच आहे. गुरुवारी उणे अडतीस होतं. आईला बसवलं, सवयीनं गाडीच्या नाकाकडे पाहिलं. तार लोंबत नव्हती, म्हणजे काढलेली असणार. बटण दाबलं, दिवे लागले, पण गिअर काही पडेना. समोर काहीतरी लिहून आलं होतं, पण वाफेनं चष्मा धुरकटलेला. मेत्रोला हाक मारली. बॅटरी उतरली समजून तो आपल्या बॅटरीला जोडायच्या तारा घेऊन धावत आला आणि नव्या गाडीला यथेच्छ शिव्या घालू लागला. मी मनात प्रभूचं नाव घेत होतो, आणि तुझी ती रंगवलेली खोली दिसत होती.

तेवढ्यात आई आतून ओरडली, ओरेस्ट, घोडा मागून खुंट्याला बांधलायस आणि लगाम कसला ओढतोस?

या गाडीची तार मागच्या बाजूला लागते, बाई! ती निघेपर्यंत गाडी जागची हलत नाही. पिकअप असता तर मी खांबासकट निघालो असतो. मेत्रो म्हणाला, बरं झालं, निदान गाडीला तरी अक्कल आहे.

पोहोचलो तेव्हा नर्स दुसऱ्याला आईच्या खुर्चीवर बसवायला निघाली होती. आईचं डायलिसिस झालं, पण उशीर झाला. हे लपवता आलं असतं, लपवलं नाही. आता तू म्हणशील तसं.

काल जॉर्डनच्या सणाला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, फादर घरात तीर्थ शिंपडायला आले. आईनं त्यांना गाडीपाशी नेलं आणि तीर्थ मागच्या बाजूला शिंपडायला लावलं.

तुझ्या उत्तराची वाट बघतो. उत्तर काहीही असो, तुझा दादा तोच राहील.

ओरेस्ट

२५ जानेवारी

ती. ओरेस्टदादास,

नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग स्वयंपाकघरात एकटीच रडले. उशीर झाल्याचं तू स्वतःहून कळवलंस, म्हणून विश्वास बसला.

गाडी घे. रंगवलेली खोली मी मुलांना देऊन टाकली. ईस्टरला आम्ही सगळे येतो. गुडघे हनुवटीला लागले तरी मुलं त्याच बाकावर बसून चर्चला येतील.

एकच अट. आईला सांग, रोज सकाळी घोडा सोडायचं काम तिचं. तुझ्यावर सोपवू नको म्हणावं.

तुझी, आणि अजून थोडी काळजीत असलेली,
लेसिया