कळ्या किती?

ता. १२, मंगळवार
सकाळची भांडी झाल्यावर

विहीणबाई,

नमस्कार. पाय कसा आहे ते विचारायला हवं, म्हणून विचारते. तुम्ही बरा आहे असंच कळवणार, हेही ठाऊक आहे. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. मुलगा गॅरेजात, मी ओट्यापाशी, तुमची लेक तिच्या खोलीत.

चौथीत माझी शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका. फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघी भांडतो, आणि या खेपेला मला भांडायचं नाही.

मागच्या पत्रात तुम्ही गुलाबाचं विचारलंत, ते आधी सांगून टाकते. गुलाब झकास आहे. आमची बाग तुम्ही पाहिलीच आहे, मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. दोन चादरी वाळत घातल्या की संपली. तिच्यात तेवढं एकच झाड. रंग क्रीम म्हणे, मी आपली सायीचा म्हणते. तुम्ही आला होतात तेव्हा फूल नाकाशी नेऊन 'वास कुठंय याला?' असं विचारलं होतंत. फवारणी नको, खत नाही घातलं तरी रुसणार नाही, छाटणी केली तर केली. 'आळशी बायकांचा गुलाब' असं नाव ठेवून गेलात. जन्मात पहिल्यांदा मला तुमचं पटलं होतं, पण तोंडावर सांगितलं नाही.

तुमच्या लेकीनं मात्र तो विचार करूनच आणला होता. सातवा महिना होता तिला. नर्सरीवाल्याला म्हणाली, पुढं माझे दोन्ही हात भरलेले असणार, मला काही न मागणारं झाड द्या. तो हसला, मीही हसले. खड्डा तिनंच खणला, मी नको नको म्हणत असताना.

आता हात रिकामे आहेत. घरात वेळच वेळ आहे, आणि त्या झाडाला काही म्हणजे काही नको.

बाळ आलं ते न रडताच आलं, हे तुम्हाला मुलानं कळवलंच होतं. तेव्हा तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता, यायची सोय नव्हती. त्यावरून मी एक अक्षर बोललेली नाही. मनातसुद्धा नाही. मनात थोडं. पण त्यानंतरचं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आईला कळवू नका असं तिनं आम्हाला बजावलंय आणि मी हो म्हटलं होतं. आज ते मोडते.

तिच्या अंगाला कुठं कळलं होतं काय झालंय ते? दूध आलंच. दवाखान्यातल्या बाईनं घट्ट बांधा, गोळ्या घ्या, असं सांगितलं होतं. एका सकाळी मी मागच्या दारी धुणं घालायला गेले, तर ही गुलाबापाशी खाली बसलेली आणि हातात वाटी. वाटी आळ्यात उपडी केली, वरची माती हातानं सारखी केली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे, आल्यागेल्याला सोडत नाही. त्या दिवशी मी सगळं धुणं वाळत घालून आत आले.

दुसऱ्या दिवशी आळ्यात मुंग्या. तिच्या खिडकीतून दिसतील म्हणून मी बादलीभर पाणी ओतलं. मुंग्या गेल्या, परत आल्या, मी परत ओतलं. मग मुंग्या नव्हत्या तरी ओतत राहिले. चहाचा चोथा घातला, भाजीची सालं पुरली, माती उकरली. मला कुठंतरी हात चालवायला हवे होते आणि तिच्या खोलीत माझं काही चालत नव्हतं. ताट नेलं की तसंच परत. केस विंचरून देऊ का म्हटलं तर भिंतीकडे तोंड. डॉक्टरीणबाई म्हणतात मनाच्या डॉक्टरला दाखवा. दाखवू की. आधी ती अंथरुणातून उठली तर.

बघता बघता गुलाबाची पानं पिवळी पडली. मी एक डहाळी तोडून नर्सरीवाल्याकडे नेली. त्यानं पान उलटंपालटं करून पाहिलं, पाणी किती घालता विचारलं, आणि ऐकून कपाळाला हात लावला.

"आजी, हे झाड लाडानं मरतंय. त्याला एकटं सोडा."

माझ्या लेकीच्या पोरांची मी आजी आहेच, तेव्हा आजी म्हणाला त्यात त्याची चूक नाही. पण घरी येताना रिकामी पिशवीसुद्धा जड लागत होती.

एकटं सोडा. तीही दाराआडून हेच म्हणत होती, 'आई, मला एकटं सोडा ना.' मला वाटलं, आपलंच चुकतंय. दोघांनाही सोडलं. झाडाचं पाणी बंद, तिच्या खोलीत जाणं बंद. ताट बाहेर स्टुलावर ठेवायचं आणि हाक न मारता फिरायचं. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तुम्ही ओळखाल.

झाड सुधारलं. तांबूस पालवी फुटली, कळ्या धरल्या.

ती नाही सुधारली. आणखी आत गेली. आता तिला वाटतं की आम्हालाही तिचं काही पडलेलं नाही, आणि तेच तिला हवं होतं.

तुमचे जावई रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून बिघाड कुठं ते सांगतात. घरी आला की तोच माझा मुलगा चहाचा कप घेऊन तिच्या दाराशी उभा राहतो. चहा निवतो, मग स्वतःच पितो. परवा मला म्हणाला, "आई, कुठून उघडायचं तेच कळत नाही गं." मी म्हटलं, मला कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का.

आता फोनचं. दर रविवारी तिचा तुम्हाला फोन येतो. 'उठले, केस धुतले, आत्ता बागेतच होते, कळ्या आल्यात.' आवाज कसा खणखणीत. विहीणबाई, तो फोन ती अंथरुणातून करते, भिंतीकडे तोंड करून. लावण्याआधी मला हाक मारते, 'आई, कळ्या किती?' आठवड्यात माझ्याशी तिचं एवढंच बोलणं. मी जाते, मोजते, येऊन सांगते. तुम्हाला फसवण्यात माझा वाटा तेवढा. एकदा मनात आलं, एकही नाही म्हणून सांगावं, म्हणजे बघायला तरी उठेल. धीर झाला नाही. नाहीच उठली तर?

फोन ती उशाशी ठेवून स्पीकरवर मोठ्यानं लावते, त्यामुळे तुमचंही ऐकू येतं. 'मी मजेत, शेजारीण डबा देते, कुबडी कधीच सोडली, माझी काळजी करू नकोस.' दोघी मायलेकी इतक्या मजेत असल्यावर बाहेर ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईनं जावं कुठं? आणि कुबडी सोडली म्हणता, तर बोलताना मागं ते टकटक काय वाजतं? मी म्हातारी झालेय, बहिरी नाही.

म्हणून हे पत्र. आजवर तुमच्यापुढं हात पसरला नाही, पसरायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं. येत्या रविवारी तिच्याकडे काहीतरी मागा. पाय दुखतो म्हणा. आंघोळीला जाताना भीती वाटते म्हणा. मला एकटीला जमत नाही, तू ये, असं म्हणा. खोटं असेल तर माझ्यासाठी खोटं बोला. खरं असेल, आणि ते खरंच आहे असं मला वाटतं, तर एकदा तरी खरं बोला. तिला लहानपणीसारखी ठमे म्हणून हाक मारा. इथं तिला तसं म्हणणारं कुणी नाही. मी एकदा म्हणून पाहिलं, माझ्या तोंडी ते उसनं वाटलं.

उठली तर मुलगा तिला तुमच्याकडे आणून सोडेल. हवे तितके महिने ठेवून घ्या. माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. निघालाच तर तुम्ही इतक्या लांब आहात की ऐकू येणार नाही.

याचा उपयोग होईल असं मी म्हणत नाही. नर्सरीवाल्याचं ऐकून झाड वाचलं आणि सून हातची चालली, तेव्हा आता मी स्वतःच्या अकलेवर काही सांगत नाही. तुम्ही मागूनही ती उठली नाही, तर पुढं काय, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर उलट टपाली कळवा, चार शिव्या घालून कळवा, चालेल.

कळ्या पाच आहेत. एक उमलायला आली आहे. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे फोनवर तो विषय काढायला नको.

तुमचं आजवर एकही न ऐकलेली, आणि रविवारी दाराबाहेर तुमच्या शब्दासाठी कान लावून बसणारी,

तुमची विहीण