आंब्याला वळसा

देवरूखजवळून, ता. ९ फेब्रुवारी १९८६

चि. गंगाराम भावजी यांस राहीवहिनीचे आशीर्वाद.

मुंबईच्या हवेत तुमचा खोकला कसा आहे? काशीच्या कंबरेला आराम पडला का? मी बरी आहे. तुमच्या दादांना जाऊन पाच वर्षं होतील. अजून हातून चहा दोघांचाच होतो. (दुसरा कपही मीच पिते.)

पत्रास कारण, आपल्या वाडीत वीज येते आहे, तीही जमिनीखालून. वाऱ्यात खांब पडतात म्हणून वरच्या कातळ-सड्यापासून चर खणून केबल पुरायची. साताऱ्याकडचे एक साहेब आले आणि त्यांनी पांढऱ्या फक्कीची रेघ थेट दादांनी लावलेल्या आंब्याखालून ओढली. मी तिथंच सावलीत झाडांचं पुस्तक वाचत होते (वाचनालयाचं, परत करायची तारीख विचारू नका). त्यात लिहिलंय, सावली पसरते त्याच्याही पुढं मुळं जातात. तेव्हापासून मी त्या बाजूला हळू चालते. वाटतं, खाली अंधारात दुसरं झाड उलटं उभं आहे आणि मी त्याच्या फांद्यांवर बसून वाचते आहे.

साहेबांना म्हटलं, "मुळं तुटतील. आणि वरची वीतभर माती वेगळी ठेवा. खालचा मुरूम वर आला तर गवतसुद्धा उगवायचं नाही."

"बाई, नकाशात झाड नाही."

"मग तुम्ही उभे आहात ती सावली कुणाची?"

साहेब हसले. रेघ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी नारळ ठेवल्याशिवाय गडी कुदळ उचलेनात. महिपतदाजींनी वाडीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, मागून व्हय म्हणायला सगळे. (आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे घावने घेऊन गेले होते, ते निराळं.)

"बा राखणदारा, ही वीज येत्येय, सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"सायबाच्या पोराबाळांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"राहीच्या आंब्याला वळसा घालून चर जाऊ दे! वरची माती वर, खालची खाली राहू दे!"

"व्हय म्हाराजा!" म्हणून झाल्यावर साहेबांनी डोळे उघडले. "अहो, ते मी ओघात म्हटलं!"

"सायब, राखणदारासमोर व्हय बोल्लात, आता नाय कसं बोलता?" गड्यांतला सदू म्हणाला. गडी कुदळींच्या दांड्यांवर हनुवट्या टेकून उभे. दुपारी साहेबांनी स्वतःच फक्की वळवली.

काशीला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
राही

ता.क. वळसा तुमच्या वाटणीच्या वाफ्यातून गेला आहे. संमतीचा कागद सोबत आहे, सही करून पाठवावा. चर बुजवूनही झाला. माती होती तशी लावून घेतली आहे. राग आला तर पत्र काशीला वाचायला द्या.

आणखी ता.क. त्या झाडाला सोळा वर्षांत एकही आंबा धरलेला नाही, हे साहेबांना कळवू नका. दर माघात दादा वर बघून म्हणायचे, "यंदा धरेल हो." यंदाही मोहोर नाही. पण कुणीतरी म्हणायला हवं, म्हणून काल मीच म्हणून घेतलं.