बॉल-बेअरिंगचा पांगुळगाडा

भिलाई
शनिवार, सायंकाळ

प्रिय बाबा,

आरंभी 'तीर्थरूप' लिहिण्याचा संकल्प होता. परंतु नागपूरला शिकत असताना एका पत्रावर मी तो शब्द लिहिला, तेव्हा तुमचे उत्तर आले होते, ते अद्याप विसरलो नाही. "मले तीर्थ कावून बनवतं बे? मी काय राजिमचा संगम हावो? लोकं अंगावर नारळ फेकतीन." आता तुमच्या अस्थी खरोखरच राजिमच्या संगमात आहेत. हरकत घेण्याचा तुमचा अधिकार शास्त्रतः संपुष्टात आला आहे. तरीही 'प्रिय' एवढेच लिहितो. तुमच्याशी वाद घालून मी जिवंतपणी कधी जिंकलो नाही. आता तुम्ही गप्प असताना जिंकण्यात कसला पुरुषार्थ?

पत्राचे प्रयोजन सांगतो. तुमच्या कारखान्याची रीत तुम्हीच मला बालपणापासून पाठ करवली होती. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याविना जागा सोडायची नाही, आणि आल्यावर त्याला चार्ज द्यायचा. कोणती मशीन चालू आहे, कोणती बंद, कुठून आवाज येऊन राहिला, काय अर्धवट राहिले, हे सारे तोंडाने सांगून मगच सायकलला हात लावायचा. आणि असे तुम्ही, माघातल्या एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. तुमची नात चालायला शिकत होती. काम अर्ध्यावर होते. चार्ज कोणाला दिलात?

ते काम आज पूर्णत्वास गेले. तासाभरापूर्वी पावर हाउस चौकातल्या बाजारातून चिरंजीव वसुंधरेचे पहिले पादत्राण खरेदी करून आम्ही सर्व परतलो. म्हणून हा अहवाल.

वसुंधरा हे नाव मी ठेवले, त्याचा तुम्हाला शेवटपर्यंत राग होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलला. संस्कृतचा शिक्षक असून मी काय पिंकी ठेवायचे होते? तुम्ही मात्र तिसऱ्याच दिवशी ते कापून 'वसू' केलेत. "नाव एवढं वजनदार ठेवलं त पोरगी उभी कशी राहीन?" असे तुम्ही म्हणालात. पुढे वर्ष उलटले, सव्वा वर्ष झाले, आणि वसू खरोखरच उभी राहीना. तेव्हा ती थट्टा तुम्हीच प्रथम बंद केलीत. माझ्या ते लक्षात आले होते, बाबा.

शेजारच्या वर्माजींच्या सूनबाई रोज कुंपणापलीकडून विचारीत, "अभी तक नहीं चली? हमारा तो नौ महीने में दौड़ने लगा था." तुमची सून सुनंदा हसून आत येई आणि मोरीतला नळ मोठा सोडून भांडी घाशीत बसे. नळाचा आवाज कशासाठी, हे घरात सर्वांना कळत होते. डॉक्टरांनी पाय पाहिले, कंबर पाहिली, सर्व यथास्थित असल्याचे सांगितले. पण डॉक्टरांचा शब्द आणि वर्माजींची सून यांत अधिक बळ कोणाचे, हे सांगायला नको. शेवटी एके दिवशी तुम्हीच कुंपणाशी गेलात. "बेटी, मालगाड़ी देर से पिकअप लेती है. एक बार चली, तो फिर देखना." त्या दिवशी नळ बंद राहिला.

आणि त्याच सायंकाळी, तिच्या पायांना तेल चोळता चोळता, तुम्ही मला विचारलेत, "पंडित, पोरगी चालन न?" उभ्या आयुष्यात तुम्ही मला उत्तर हवे म्हणून विचारलेला तो एकमेव प्रश्न. एरवी तुम्ही आज्ञा करीत असा. मी आपला भारदस्तपणे उत्तरलो, "कालांतराने निश्चितच." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कालांतर म्हंजे कोणत्या शिफ्टमंदी?"

त्यानंतर तुम्ही पांगुळगाड्याचे कार्य हाती घेतलेत. अखिल महाराष्ट्रात पांगुळगाडा लाकडाचा असतो. तीन लाकडी चाके, ती कुरकुरतात, अडखळतात, आणि त्या अडखळण्याच्या तालावर मूल चालू लागते. परंतु आपण भिलाईचे. इथला सेवानिवृत्त फिटर सुताराच्या दारात जाईल काय? तुम्ही कुम्हारी गावातल्या ओळखीच्या वर्कशॉपातून लोखंडी अँगल वेल्ड करून आणलेत, पावर हाउसच्या कबाड्याच्या भंगारातून चाकांसाठी बेअरिंगे निवडलीत, घासलेटात धुतलीत, आणि एक एक कानाशी धरून फिरवून पाहिलेत. वर निळा रंग. असा पांगुळगाडा भूतलावर दुसरा नव्हता, आणि नसण्यास सबळ कारण होते, हे आपणांस लवकरच कळले.

उद्घाटनाला सर्व परिसर लोटला होता. मायने गाड्याला कुंकू लावले. वसूने दांडा धरला, सर्वांकडे प्रसन्नपणे पाहिले, आणि किंचित जोर दिला. पुढे जे घडले त्याला गती म्हणणे अन्याय्य होईल. तो प्रक्षेप होता. गाडा अंगण ओलांडून, पपईला वळसा घालून फाटकाशी उभ्या असलेल्या वर्माजींच्या स्कूटरवर आदळला. वसू जागीच बसली होती. हात अद्याप दांडा धरल्यासारखे पुढे, आणि मुखावर घोर विस्मय. वर्माजी म्हणाले, "दादाजी, इसमें हेडलाइट भी लगवा देते." तुम्ही गंभीरपणे उत्तरलात, "हेडलाइट तो ठीक है, ब्रेक रह गया."

मी हसलो, सर्व हसले. तुम्हीही हसलात. पण नंतर बराच वेळ तुम्ही गाड्याचे एक चाक बोटाने फिरवीत बसला होतात, आणि ते थांबता थांबत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रेक लावलात. काय लावलेत? दाराशी ठेवलेले तुमचे ड्युटीचे बूट, पुढे लोखंडी टोप्या असलेले ते काळे जड जोडे, तुम्ही नाड्यांनी मागच्या दोन चाकांशी बांधलेत. आता गाडा ढकलला की दोन्ही बूट फरशीवरून खरडत मागे येत, आणि गाडा वसूच्या बळाएवढाच पुढे सरके. खर्रर, खर्रर. दोन पावले, बैठक. चार पावले, बैठक. रिटायर झालेल्या माणसाचे बूट पुनश्च कामावर रुजू झाले. त्या यंत्ररचनेचा मला त्या वेळी वाटला त्याहून अधिक अभिमान आज वाटतो, हे इथे नमूद करून ठेवतो.

पण दांडा सोडण्यास ती तयार नव्हती. कोणी हात पुढे केला, खुळखुळा दाखवला, तरी ती गाड्याला चिकटून. तुम्ही म्हणत होता, "घाई नोको करू. सोडन थे." आणि मग तुम्हीच सोडून गेलात.

तेराव्याच्या आदल्या दिवशी धाकट्या काकांनी भंडाऱ्याकडची रीत काढली. मृताच्या नावाने छत्री आणि जोडे दान करायचे, म्हणजे पुढची वाट अनवाणी चालावी लागत नाही. त्यांचा डोळा गाड्याच्या बुटांवर होता. "वैनी, दादाचेच जोडे देऊन टाका. त्याचे त्याले पोचतीन." मायने नाड्या सोडल्या आणि बूट दाराशी ठेवले. तेवढ्यात वसू आली, गाडा धरला, ढकलला, आणि बूट नसलेला गाडा सर्रकन भिंतीवर गेला. वसू खाली बसली. रडली नाही; मागे वळून, जिथे बूट खरडत येत, तिथे आधी एका बाजूला पाहिले, मग दुसऱ्या.

माय उठली. बूट उचलून पुन्हा बांधायला बसली. काका म्हणाले, "वैनी, हे काय करून राहिल्या?"

"हे जोडे ड्युटीवर हायेत," माय म्हणाली. "त्याईले नवे घेऊन द्या."

तेव्हा तुमच्या नावाने नवे बूट दान केले, बाबा, आणि इथे माझी एक चिंता आहे. गुरुजी दहाला येणार होते, म्हणून ती खरेदी मी घाईघाईने दुकान उघडताच केली. तुमचा दंडक होता की जोडा नेहमी सायंकाळी घ्यावा. दिवसभर चालून पाय फुगलेला असतो, तोच खरा पाय. सकाळचा जोडा दुपारी चावतो. ते बूट चावतात काय? चावत असल्यास, त्या वाटेवर कोठे तरी सावली पाहून बसा आणि नाड्या सैल करा. शास्त्रात याविषयी काहीही सांगितलेले नाही, मी सर्व धुंडाळून पाहिले.

आता मुख्य वृत्त. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी पूजा करीत होतो, म्हणजे वर्तमानपत्र वाचत होतो. वसू गाडा घेऊन ओसरीत निघाली होती. खर्रर, खर्रर. मग एकदम आवाज अर्धा झाला. पाहतो तो उजव्या बुटाची नाडी सुटली होती आणि बूट मागे राहिला होता. वसूलाही ते जाणवले. ती थांबली. मागे वळून पाहिले. गाड्याकडे पाहिले. पुन्हा बुटाकडे पाहिले.

मी उठणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून मायने मला हाताने बसवले. "बस गुमान."

वसूने दांडा सोडला. दोन्ही हात हवेत, कोपरे बाहेर, पोट पुढे. वाऱ्यात सापडलेल्या पतंगासारखी डोलत ती तुमच्या बुटापर्यंत चालत गेली. वाकली, नाडीचे टोक मुठीत धरले आणि सरळ झाली. मला वाटले, आता बसणार. बसली नाही. नाडी धरून, बूट मागे ओढत, ती ओसरी ओलांडून मायकडे चालत गेली. कोणाचा आधार नाही. तुमचा बूट तिला सांभाळत नव्हता, बाबा. ती त्याला घेऊन चालली होती.

मायने दृष्ट काढली. सुनंदाने पुन्हा नळ सोडला. आणि तुमचा पंडित, ज्याला प्रत्येक प्रसंगाला सुभाषित सुचते, तो कुंपणाशी जाऊन एवढेच ओरडला, "वर्माजी, मालगाड़ी चल पड़ी!"

आजची खरेदी सायंकाळीच केली, हे विशेष नमूद करतो. सुनंदाला पीं-पीं वाजणारे लाल बूट हवे होते, म्हणजे पोरगी घरात कुठे आहे ते समजते. दुकानदाराचा सल्ला सर्व दुकानदारांचा असतो तोच. "मास्टरजी, दो नंबर बड़ा ले लो, बच्चे का पैर बढ़ता है." त्यावर माय, जी तुमच्या मागे बाजारात प्रथमच आली होती, पदर खोचून पुढे झाली. "भैया, पाँव आज का है, तो जूता कल का कायको? गिरेगी ना लड़की." मग तुमची संपूर्ण परीक्षापद्धती तिने अवलंबिली. तळ दुमडून पाहिला. वसूला उभे करून बोटांपुढे अंगठा दाबून पाहिला. पीं-पीं वाले नापास झाले. त्यांचा तळ पाटासारखा ताठ होता. चौथ्या जोडावर स्वतः वसूने निर्णय दिला. तो तपकिरी होता, मऊ होता, आणि त्याला नाडी होती. तिने नाडी पकडली ती सोडीना.

बूट घालून तिला जमिनीवर ठेवले. तिने एक पाय गुडघ्यापर्यंत वर उचलला, हवेत धरून ठेवला, विचार केला, आणि धप्पकन टेकवला. मग दुसरा. असा तो महाप्रवास दुकानाच्या काउंटरपर्यंत चालला.

आणि माय हसू लागली. माघानंतर प्रथमच. एवढी हसली की दुकानदाराने तिला स्टूल दिले. हसता हसता मला म्हणाली, "तुया बाप, बाप्पा, तुया बाप! कारखान्याचे जोडे पयल्यांदा पायात घातले, त अस्साच चालत घरी आला होता. जलमभर अनवाणी धानाची रोवणी केलेला मानूस. सडकेवर चिखलातून चालल्यावानी पाय उचलून राहिला होता. मी दारातच बसली हसत."

हे मला ठाऊक नव्हते. तुम्ही अंगापिंडाने पूर्ण वाढल्यावर, बायकोच्या देखत, दुसऱ्यांदा चालायला शिकला होतात. आणि मग तसल्याच बुटांत उभी नोकरी केलीत, मला शिकवलेत, आणि शेवटी निवृत्तीच्या वेळचे बूट नातीच्या गाड्याला बांधलेत. तुम्ही हे कधी सांगितले कावून नाही? सांगितले असते तर तुमच्या पंडिताने थट्टा केली असती, हे खरे. पण मान ताठ करून केली असती.

तर चार्ज असा. पोरगी चालू आहे. माय हसली आहे. गाडा ओसरीत उभा आहे, चाके अद्याप थांबता थांबत नाहीत. एक बूट गाड्याला बांधलेला. दुसऱ्याची नाडी वसूच्या मुठीत असल्याने तो संपूर्ण घरभर संचारात आहे. आवाज फक्त त्याचाच येऊन राहिला आहे.

माझे वचन हे, की तिचा प्रत्येक जोडा सायंकाळीच घेतला जाईल, आजच्या पायाचाच घेतला जाईल, आणि ती दांडा सोडील तेव्हा मी बसून राहीन. तुम्ही नाड्या सैल करा आणि निश्चिंत पुढे चला. पुढचा माणूस जागेवर आला आहे.

चार्ज घेतला.

तुमचाच,
पंडित