पेडल मऊ लागते

६ नोव्हेंबर
पेडल मऊ! कालच अकोल्याहून मिनी ट्रकच्या पुढच्या चाकांचे ब्रेक दुरुस्त करून आणले, अन् आज हे म्हणतात, "पयल्यांदा दाबलं की पाय खालीच जाते. दुसऱ्यांदा लागते." तसेच संत्र्याचे कॅरेट भरून अमरावतीला गेले. समोर एखादं ढोर आलं तर ते दुसऱ्यांदा दाबेपर्यंत थांबणार आहे का?

आणि दुरुस्ती कोणी केली, तर माझ्याच भावानं. कोणत्या तोंडानं बोलू!

७ नोव्हेंबर
सुखरूप आले. जीव भांड्यात पडला.

८ नोव्हेंबर
प्रीतमला बोलावलं. बसनं आला बिचारा. मला पेडलपाशी बसवलं. "दाब ताई... धरून ठेव... सोड." तो चाकाशी निप्पल उघडून ब्रेकच्या तेलातली हवा काढत होता. चारदा काढली. पेडल तसंच, ओल्या गादीवर पाय दिल्यासारखं.

"मास्टर सिलिंडर गेला असन," म्हणाला. त्यावर हे हसत म्हणाले, "साळा मिस्त्री असला की असंच होते." मला लागलं. प्रीतम न जेवताच गेला. परवा नागपूरचा माल आहे, अन् हे जाणारच म्हणतात! खूप भांडले मी.

९ नोव्हेंबर
सकाळी बगीच्यात ठिबक सुरू केलं. पाइपातली हवा चढावरच्या व्हॉल्व्हमधून फुस्स करून गेली. मी तिथंच थांबले. हवा वर चढते, म्हणून तर व्हॉल्व्ह उंचावर बसवतो. अन् प्रीतम हात घालत होता तो खालच्या अंगाला!

घरी येऊन गाडीखाली वाकले. दोन्ही चाकांना ब्रेकच्या जबड्यावरचं निप्पल खालीच. फोटो पाठवला. तासाभरानं फोन — "ताई, ते जबडे, कॅलिपर, उलटे लागले माह्याकडून. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. हवा वरतीच अडकून राह्यली. भाऊजीले गाडी हलवू देऊ नको!"

चावी तांदळाच्या डब्यात टाकली. शोधू देत.

१० नोव्हेंबर
प्रीतमनं येऊन अदलाबदल केली. एकदाच हवा काढली, पेडल टणक! ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुह्या बहिणीलेच ठेव गॅरेजात!" दोघंही पोटभर जेवले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. हे दुपारी नागपूरला निघाले.

११ नोव्हेंबर
प्रीतमचा फोन. आवाज पार बसलेला. आमच्या गाडीसोबत त्या दिवशी तसलीच आणखी एक गाडी होती. "तिचेबी घाईत मीच लावले, ताई. सुलटे का उलटे, काही आठवून नाई राह्यलं." गिऱ्हाईक वाटेवरचं. नाव नाही, नंबर नाही. गाडी पांढरी होती, एवढंच.