विणणारीचे हात

१२ फेब्रुवारी २००४, हॅरो
विणणारीचा डावा डोळा झाला. नोट छापायच्या पोलादी प्लेटवर, समोरच्या फोटोवरून, कोरणीने, एकेक रेघ. अठरा वर्षं हेच करतेय, तरी डोळा आला की श्वास रोखला जातो. चटई विणणारी एक साधी म्हातारी, आणि ती पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाच्या नोटेवर! त्यांच्याकडे आधी शिंपल्यांच्या माळा चालायच्या, मग गोऱ्यांच्या नोटा, त्यावर परक्या राणीचं डोकं. आता पहिल्यांदाच घरचं माणूस. आणि कोरतेय मी. नोट बाहेर येईपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही, कंपनीचा नियम. आई विचारते, "काय चाललंय ऑफिसात?" नेहमीचंच, म्हणते. पोट फुगलंय नुसतं.

३ मार्च
प्लेट पूर्ण. बॉस ग्रॅहम कौतुकात महाकंजूष. भिंगातून पाच मिनिटं बघत राहिला. "नॉट बॅड, मीना." म्हणजे मला पद्मश्रीच.

१९ मार्च
त्या देशाच्या बँकेच्या बाई आल्या. छापलेला नमुना बघून डोळे भरले त्यांचे. मग विणणारीच्या मनगटावर बोट ठेवलं. "हे काय?"
बांगड्या. दोन्ही हातांत, चार-चार.
फोटोत नाहीत! तिकडे कुणी घालतच नाही. मीच घातल्या, आणि कोरताना मला कळलंही नाही. तपासणाऱ्या तिघांना वाटलं, घालत असतील तिकडच्या बायका.
बाई हळूच म्हणाल्या, "सुंदर आहे. पण ही आमची नाही."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मार्च
पोलादाला खोडरबर नसतो. मनगटं म्हणजे थोडीथोडकी जागाही नाही. प्लेट पहिल्यापासून. ग्रॅहम: "दहा मेपर्यंत नवी प्लेट. नाहीतर म्हातारी बाद, तिच्या जागी नारळाचं झाड." झाड तयारच आहे, कंप्युटरवर काढलेलं. नारळ काय, कुठेही उगवतो. दीडशे वर्षं दुसऱ्यांची डोकी खिशात घेऊन फिरलेल्यांना मी झाड देऊ?
ट्रेनमध्ये सगळ्यांची मनगटं बघत आले. एक बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

११ एप्रिल
पुन्हा डोळा. पाठ धरलीय. आई तेल चोळताना, "एवढं काय नेहमीचंच करतेस गं?"

८ मे
झाली! दोन दिवस आधी. मोकळ्या मनगटावर आता हाड दिसतं, शीर दिसते, विणताना पडणारा पीळ दिसतो. बांगड्यांखाली हे सगळं झाकलं होतं. खोटं कशाला बोलू, आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम. बाईंना नमुना गेला.

१७ मे
बाईंचा फोन. "आता आमची."
बाथरूममध्ये जाऊन रडले.

१४ नोव्हेंबर
नोट चलनात आली. बाईंनी एक कोरी पाठवली. आईच्या हातात दिली. "आई, ही म्हातारी मी कोरलीय."
आईने चष्मा पुसला, पदराने हात पुसले. नोट देवापुढे ठेवून नमस्कार केला. कुंकवाचं बोट मात्र मी टेकवू दिलं नाही. मग आईने माझं भिंग मागून घेतलं आणि खिडकीपाशी किती वेळ बघत बसली. माझी छाती चार इंच फुगलेली.
"देखणी झालीय हो. पण बिचारीचे हात असे ओकेबोके का ठेवलेस? दोन बांगड्या तरी घालायच्यास."
मी भिंग पुसून डबीत ठेवलं.
सोमवारी मोठ्या नोटेचे फोटो येतायत. नाचणाऱ्या मुली, बँकेने या खेपेस आधीच जाहीर केलंय. आईने आत्ताच विचारलंय, केसांत काही माळतात का त्या.