एकशे बारा शिवणी

जासई, ४ जून २०२५

चि. सोनल हिला कमळाकरकाकाचे आशीर्वाद.

लोखंडी जिना, देवघर, तुझ्या काकीचं शिलाईचं टेबल आणि एकशे बारा पुस्तकांची बांधणी. सगळं या हातांनी केलं, शिकवायला कोणी नव्हतं. आता उजवा डोळा गेला. डाव्याला डॉक्टरांनी मोठंच अक्षर सांगितलंय, म्हणून मार्करने लिहितोय.

तू सुचवलेली दोन्ही वाचनयंत्रं, ती ई-रीडर म्हणतात ती, वाशीत पाहिली. सहा इंचीत काचेवर बोट फिरवलं की पान उलटतं. माझं उलटेना. बावीस वर्षं कंटेनरचं वेल्डिंग केलेली बोटं, काच ओळखतच नाही. दुकानातली मुलगी म्हणाली, करंगळी लावा. करंगळीने वाचू? दहा इंचीला काठाला बटणं आहेत, पण वजन चारशे ग्रॅम, किंमत अडतीस हजार. काकी म्हणते, मला बघायला आलास तेव्हा एवढं निरखलं नव्हतंस. काय घ्यावं, ते कळव.

तुझा,
काका

नाशिक, ११ जून

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

मोठंच घ्या. तुमच्या पुस्तकांची नावं टाकून पाहिली, एकही ई-बुक मिळालं नाही. पानं स्कॅन करून भरावी लागतील, आणि तसलं अक्षर सहा इंचीत मुंगीएवढं दिसतं. पण स्कॅनिंगवाला म्हणतो, बांधीव पुस्तक सपाट बसत नाही. पाठ कापून पानं सुटी करावी लागतील. पाठीवर कापड कसं ताणायचं, ते मला पाचवीत तुम्हीच शिकवलंत. त्यामुळे हे वाक्य दोनदा खोडून लिहिलं.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
सोनल

जासई, २९ जून

चि. सोनलला आशीर्वाद.

रागावलो होतो, म्हणून उशीर. थकलोही आहे. पण कापू देणार नाही. माझा टाका कुठे संपतो ते बोटांना कळतं. गाठ सोडायची, दोरा ओढायचा. पान फाटत नाही. रोज तीन पुस्तकं होतात. सदतीस सुटली. काकी दोरा रिळाला गुंडाळते. म्हणते, यात गोधडी होईल. बटणवालं मागव, पैसे मी देतो.

नात्याचा लोभ तुझ्याकडून तुटू नये, एवढंच.

तुझा,
काका

ता. क. काल द्रोणागिरीचा एक हॉटेलवाला आला होता. भिंतीवर शोभेला मांडायला त्याला बांधीव पुस्तकं हवीत. अट एकच, उरलेली उसवायची नाहीत. नाही म्हटलं. पंच्याहत्तर पुस्तकांचे साठ हजार देत होता.