तिसावा बाण

४ मार्च १९९६, सोमवार

अबेओकुटाच्या शिक्षक-मेळाव्यात फायेमिवोंनी माझा पचनसंस्थेचा संकल्पना-नकाशा स्वतःचा म्हणून मांडला, त्यास आज वर्ष झाले. टाळ्या त्यांना, जीवशास्त्राचे विभागप्रमुखपदही त्यांनाच. बत्तीस चौकोन, त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर नेमके क्रियापद – माझ्या पीएच.डी.ची चार वर्षे! मी विसरलेले नाही. विसरणे हा आळशी माणसांचा गुण.

७ मार्च

शिक्षक-खोलीत मोई-मोईचा घास तोंडात ठेवूनच फायेमिवो म्हणाले, "मॅडम, तुमची ती कोळिष्टकं काढा की बाहेर. रक्ताभिसरणाचं असेलच काहीतरी. अठराला ओकुनेये बाई तपासणीला यायच्यात, पोरांना चौकोन-बिकोन बरे वाटतात."

"शोधते," म्हटले.

हा गृहस्थ नकाशाला चित्र समजतो. बाण वाचत नाही, उतरवतो.

८ मार्च

नवा नकाशा काढला. इतका नेटका आजवर काढला नव्हता. एकोणतीस बाण खरे. तिसावा – ‘फुफ्फुसधमनी – वाहून नेते – शुद्ध रक्त’. धमनी म्हटली की शुद्ध रक्त, असे न वाचणाऱ्यास वाटणारच. हीच एक धमनी त्याला अपवाद. ओकुनेये बाई स्वतः जीवशास्त्राच्या. प्रत्येक बाणावर बोट ठेवून वाचतात.

नकाशा फायेमिवोंच्या टेबलावर ठेवला.

१२ मार्च

त्यांनी तो दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून चार फुटी पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. तिसावा बाण लाल रंगात. मी प्रसन्न.

१४ मार्च

फायेमिवोंचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये अर्धीच भिंत आहे. पलीकडून तिमिलेहिनचा आवाज आला, "सर, फुफ्फुसात जायच्या आधीच रक्त शुद्ध कसं झालं?"

"नकाशात आहे ना? मग उतरव मुकाट्यानं. तुझ्यापेक्षा शिकलेल्या माणसानं काढलाय तो."

वर्ग हसला. "हिला नायजेरियाची डॉक्टर करा!" कुणीतरी ओरडले.

अख्ख्या वर्गात एकटीने बाण वाचला, आणि तिला गप्प बसवले गेले. मी भिंतीच्या अलीकडे खडू घेऊन उभी होते. बोलू शकले असते. बोलले नाही. सोमवारी चूक उघडी पडेल, मंगळवारी मी स्वतः तिला समजावीन. चार दिवस चुकीचे शिकून कुणाचे वाटोळे होत नाही – असे मी ठरवले आहे.

१७ मार्च

ठेवणीतल्या निळ्या बुबाला इस्त्री केली. उद्या मागच्या बाकावर बसेन. तिथून फळ्यापाशी उभ्या असलेल्याचा चेहरा नीट दिसतो.

१८ मार्च

फायेमिवोंनी पुठ्ठा टांगला, घसा खाकरला. "बाई, आधी एक सांगतो. गेल्या वर्षी मेळाव्यात डॉ. शोबांडेंचं काम मी माझं म्हणून मिरवलं. चुकलंच माझं. हाही नकाशा त्यांचाच आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही."

मुलांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

बाईंचे बोट लाल बाणाशी थांबले. "डॉक्टर, जरा पुढे या. फुफ्फुसधमनीत कुठलं रक्त असतं, तुम्हांला ठाऊक नाही?"

फायेमिवोंनी गोंधळून माझ्याकडे पाहिले. तिमिलेहिननेही.

"नाही ठाऊक," मी म्हणाले.